लांबच्या फ्लाईटची भीती वाटते? तिकीट काढल्यापासून उतरेपर्यंत काय काय करायचं

विमानाची भीती वाटते म्हटलं की समोरचा हमखास म्हणतो, "अगं काही होत नाही, विमान सगळ्यात सेफ असतं." आणि ते ऐकून काडीचाही फरक पडत नाही, कारण ते आपल्यालाही माहीत असतंच की. डोक्याला पटलेलं असतं पण पोटातला गोळा जागचा हलत नाही. म्हणून इथे नुसती समजूत घालत बसत नाही. १२-१४ तास त्या सीटवर काढायचेत तर कुठल्या वेळी काय करायचं, कुठला आवाज कशाचा असतो, टर्ब्युलन्स (हवेतले धक्के) आला की हातापायांचं काय करायचं, आणि कुठल्या गोष्टींनी बरं वाटतंय असं वाटतं पण खरं तर त्या भीती वाढवतात, हे सगळं सांगते. मी स्वतः ही भीती घेऊनच प्रवास करते, त्यामुळे ऐकीव सल्ले यात कमीच आहेत.

आधी एक गोष्ट सांगते जी बऱ्याच जणांना उलटी वाटेल. भीती कमी करायची असेल तर लांबची फ्लाईट छोट्या फ्लाईटपेक्षा जास्त उपयोगाची असते. भीती म्हणजे शरीरात सुटलेलं ॲड्रेनलिन, आणि शरीर ते तासन्तास त्याच जोराने सोडत राहू शकत नाही, थकतं. अगदी पॅनिक अटॅकसुद्धा साधारण १० मिनिटांत टोकाला जातो आणि मग आपोआप उतरायला लागतो. छोट्या फ्लाईटमध्ये काय होतं, आपण घाबरतो, भीती चढते, आणि ती उतरायच्या आत विमानच उतरतं, मग मेंदू एवढंच शिकतो की जमिनीवर आलो म्हणून सुटलो. लांबच्या फ्लाईटमध्ये मात्र भीती हवेत असतानाच खाली येते, आपण त्याच सीटवर, त्याच उंचीवर बसलेले असतो आणि तरी छातीतली धडधड थांबते. मेंदूला हे एकदा, दोनदा, चारदा दिसलं की तो हळूहळू ऐकायला लागतो. तेव्हा "मला भीती वाटताच कामा नये" असं ठरवून विमानात बसूच नका. भीती चढेल, तिला चढू द्यायचं, उतरेल तेव्हा उतरू द्यायचं, आपण मधे लुडबुड करायची नाही. खालच्या सगळ्या सूचनांचा पाया हाच आहे.

तुमची भीती नक्की कशाची आहे?

हे घरीच, शांत असताना कागदावर लिहून काढा. "विमानाची भीती" असं आपण सरसकट म्हणतो पण प्रत्येकाची वेगळी असते. कुणाला विमान पडेल असं वाटतं, कुणाला पडण्याचं काही नाही पण दार बंद झालं की श्वास कोंडल्यासारखा होतो, कुणाला खाली नुसता समुद्र आहे हे सहन होत नाही, आणि कितीतरी जणांना खरी भीती विमानाची नसतेच, "मला सगळ्यांसमोर काहीतरी होईल, मी ओरडेन, उठून पळेन" याची असते. उपाय प्रत्येकाला वेगळा लागतो म्हणून हे शोधणं महत्त्वाचं.

कोंडल्यासारखं होत असेल तर एवढं लक्षात ठेवा की केबिनमधली हवा साधारण दर २-३ मिनिटांनी पूर्ण बदलते. बाहेरची ताजी हवा सतत आत येत असते आणि आतली जी परत वापरतात ती हेपा नावाच्या, बारीक कण अडवणाऱ्या फिल्टरमधून गाळून येते. एखाद्या बंद ऑफिसात यापेक्षा कितीतरी कमी वेळा हवा बदलते. गुदमरल्यासारखं वाटणं ही भीतीची करामत असते, हवा भरपूर असते. केबिनमधला दाब साधारण ६ ते ८ हजार फुटांच्या डोंगरावर असतो तेवढा ठेवतात आणि हवाही कोरडी असते, म्हणून थोडं जड वाटणं, घसा कोरडा पडणं हे सगळ्यांनाच होतं, शेजारी घोरणाऱ्या माणसालाही.

समुद्राची भीती असेल तर इंजिनांबद्दल जरा वाचा. दोन इंजिनांची विमानं महासागरावरून जातात ती एक इंजिन बंद पडलं तरी दुसऱ्यावर विमानतळ गाठता येईल असा मार्ग आखूनच. एअरबस ए३५० ला तर एका इंजिनावर ३७० मिनिटांच्या अंतरापर्यंतची मान्यता आहे, म्हणजे ६ तासांहून जास्त. आणि दोन्ही बंद पडली तर? तरी विमान दगडासारखं खाली येत नाही, तरंगत लांबवर जातं. ऑगस्ट २००१ मध्ये एअर ट्रान्सॅट या कॅनडाच्या कंपनीच्या ए३३० विमानाचं इंधन अटलांटिकवर गळून संपलं, दोन्ही इंजिनं बंद, आणि पायलट ते विमान साधारण २० मिनिटं तसंच तरंगत अझोर्स बेटांवरच्या धावपट्टीपर्यंत घेऊन गेले. आत ३०६ जण होते, सगळे वाचले. काहींना असली उदाहरणं वाचून जास्तच भीती वाटते, तसं होत असेल तर हे डोक्यातून काढून टाका, मला मात्र या एका माहितीने खूप आधार दिलाय.

आणि एक विचार जो लोक कुणाला सांगत नाहीत कारण सांगायची लाज वाटते, तो म्हणजे "मला अचानक काही झालं आणि मी उठून दारच उघडलं तर?" हा विचार खूप जणांना येतो, तुम्ही एकटे नाही आणि तुम्हाला वेडही लागलेलं नाही. विमान उंचावर असताना आतला दाब बाहेरच्यापेक्षा खूप जास्त असतो आणि तो दाब दाराला चौकटीत घट्ट बसवून ठेवतो, एका दारावर कित्येक टनांचा जोर असतो. माणसाच्या हाताने ते उघडतच नाही, पैलवान असला तरी. हा विचार आला की एवढंच म्हणायचं, "आला तो विचार" आणि पुढे जायचं, त्याच्याशी वाद घालायचा नाही.

आकड्यांनी ज्यांना धीर येतो त्यांच्यासाठी एकच आकडा देते. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे आर्नोल्ड बार्नेट वर्षानुवर्षं हाच अभ्यास करतात, त्यांच्या हिशोबाने २०१८ ते २०२२ या काळात जगभरात साधारण १ कोटी ३७ लाख वेळा माणसं विमानात चढली तर त्यामागे १ मृत्यू होता, आणि १९६८ ते १९७७ मध्ये हेच प्रमाण साडेतीन लाखांमागे १ होतं. पण आकडे घरी वाचायचे. विमानात बसल्यावर आकडे आठवत बसलात तर मन लगेच म्हणतं "पण तो १ मीच असलो तर", आणि मग मन चिंती ते वैरी न चिंती.

तिकीट काढताना

शक्य असेल तर सीट पंखाच्या आसपासची घ्या, विमानाचा तोल तिथे असतो म्हणून हलणं सगळ्यात कमी जाणवतं, शेपटाकडे सगळ्यात जास्त. कोंडल्यासारखं होणाऱ्यांनी आईल सीट (मधल्या वाटेकडची) घ्यावी, म्हणजे कुणाला न उठवता हवं तेव्हा उभं राहता येतं. ज्यांना विमान वाकडं होतंय, पडतंय असं वाटतं त्यांना उलट विंडो सीटचा फायदा होतो कारण बाहेर क्षितिज दिसलं की मेंदूला खरं काय ते कळतं. मोठं विमान लहानापेक्षा कमी हलतं. सकाळच्या वेळी जमीन तापलेली नसते म्हणून टेकऑफ-लँडिंगला हवा जरा शांत मिळते, पण लांबच्या फ्लाईटमध्ये हा फायदा थोडाच वेळ असतो, त्यासाठी जास्त पैसे घालवू नका.

तिकीट काढल्यापासून जायच्या दिवसापर्यंत दोन गोष्टी करू नका: अपघातांचे व्हिडिओ बघू नका, आणि रोज टर्ब्युलन्सचा अंदाज दाखवणारी ॲप्स उघडून बघू नका. फ्लाईटच्या १५ दिवस आधी मॅपवर लाल पट्टे बघून झोप उडवण्याशिवाय त्यातून काही मिळत नाही. त्याऐवजी रोज १० मिनिटं श्वासाचा सराव करा, पुढे सांगते तो. सराव घरी झालेला नसेल तर विमानात तो आठवत नाही, ऐनवेळी काही सुचत नाही.

जायच्या दिवशी

चहा-कॉफी कमी, कारण कॅफिनने धडधड वाढते आणि धडधड जाणवली की मन म्हणतं बघ काहीतरी होतंय. उपाशी जाऊ नका, रक्तातली साखर उतरली की हात थरथरतात, तेही भीतीसारखंच जाणवतं. एअरपोर्टवर वेळेच्या बरंच आधी पोचा, धावतपळत गेटवर पोचलेलं शरीर आधीच अर्ध्या वाटेवर घाबरलेलं असतं.

विमानात चढताना दारातच क्रूला सांगा की मला विमानाची भीती वाटते, मी अमुक सीटवर आहे. एवढंच वाक्य. संकोच करू नका, त्यांना हे रोजचं आहे आणि बहुतेक वेळा मधेमधे येऊन विचारपूस करतात. याचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे भीती लपवायची मेहनत वाचते, ती मेहनत खूप दमवते.

टेकऑफ: आवाज ओळखून ठेवा

हा भाग मी जरा लांबवर सांगते कारण बहुतेकांची भीती इथे सुरू होते आणि तिच्यामागे अनोळखी आवाजच असतात.

गेटवर असतानाच खालून घरघर, ठकठक येते, ते सामान चढवणं आणि हायड्रॉलिक पंप. काही एअरबस विमानांत जमिनीखालून कुत्रा भुंकावा तसा आवाज येतो, तोही हायड्रॉलिकच्या एका युनिटचा, नेहमीचाच. रात्रीची फ्लाईट असेल तर टेकऑफच्या आधी दिवे मंद करतात, डोळे अंधाराला सरावलेले असावेत म्हणून, जगभर हीच पद्धत. मग पंखाकडून बारीक गुणगुण ऐकू येते, ते फ्लॅप्स, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या पट्ट्या, बाहेर येतायत. धावपट्टीवर वेग घेताना वरचे सामानाचे कप्पे खडखडतात, ती प्लास्टिकची पॅनल्स असतात, विमानाचा सांगाडा नव्हे. जमीन सुटली की काही सेकंदांत खालून मोठा धप्प आवाज, ती चाकं आत गेली आणि झाकणं बंद झाली.

आणि आता सगळ्यात वाईट क्षण, जो कुणी आधी सांगितलेला नसतो. उडाल्यावर साधारण मिनिटभरात इंजिनांचा आवाज एकदम उतरतो, विमानाचं नाक थोडं खाली येतं आणि पोटात खड्डा पडतो, अगदी वाटतं की इंजिनच बंद पडलं आणि आपण खाली चाललो. होतं काय तर टेकऑफला लागणारी ताकद आता लागत नाही म्हणून पायलट ती ठरलेल्या उंचीवर कमी करतात. विमान अजूनही वरच चढत असतं, फक्त जरा कमी वेगाने, पण कानातली तोलाची यंत्रणा "चढणं कमी झालं" याला "पडतोय" असं समजते. हा क्षण येणार हे माहीत असलं की त्याची वाट बघता येते. घड्याळ बघा, विमान उडालं की मनात मोजायला लागा, आणि आवाज उतरला की म्हणा "हे ते". वाट बघितलेली गोष्ट निम्मीच घाबरवते.

नंतर टुंग टुंग वाजतं. ते बहुतेकदा क्रूचं एकमेकांना बोलावणं असतं नाहीतर सीटबेल्टचा दिवा. प्रत्येक टुंगला क्रूचा चेहरा बघायची सवय असेल तर ती सोडा.

टर्ब्युलन्स

विमान हलतं कारण हवा हलते, एवढंच. जेट स्ट्रीमच्या (खूप उंचावरच्या वेगवान वाऱ्याच्या पट्ट्याच्या) कडेला, डोंगरांवर, ढगांच्या आसपास हवेचे वेगवेगळे वेग एकमेकांना घासतात आणि विमान त्यातून जाताना हलतं. पायलट पुढच्या विमानांकडून माहिती घेतात, वेग कमी करतात, उंची बदलतात, आणि हे ते मुख्यतः तुम्हाला बरं वाटावं म्हणून करतात, विमान तुटेल म्हणून नाही. पंख हलताना दिसले तर घाबरू नका, ते हलण्यासाठीच केलेले असतात. १९९५ मध्ये बोईंग ७७७ चे पंख मुद्दाम मोडेपर्यंत वर वाकवून बघितले होते, टोकं २० फुटांहून जास्त वर गेली आणि प्रवासात जास्तीत जास्त जेवढा भार येऊ शकतो त्याच्या १५४ टक्क्यांवर जाऊन ते मोडले. नियमानुसार दीडपट सोसलं की पास.

आता खरं बोलायचं तर मे २०२४ चं प्रकरण टाळता येणार नाही, कारण ते तुम्ही बघितलेलंच असणार. लंडनहून सिंगापूरला जाणारं सिंगापूर एअरलाईन्सचं विमान जोरदार टर्ब्युलन्समध्ये सापडलं, एका प्रवाशाचा मृत्यू झाला, अनेक जखमी झाले. बातम्यांत आलं की विमान ३ मिनिटांत ६ हजार फूट कोसळलं. प्राथमिक तपासात वेगळंच निघालं. तो ६ हजार फुटांचा उतार पायलटने बँकॉककडे वळताना नीट, ताब्यात ठेवून केला होता. ज्या धक्क्याने माणसं उडाली त्यात विमान १७८ फूट खाली आलं, तेही चार-पाच सेकंदांत. आणि ज्यांचा बेल्ट लावलेला नव्हता ते हवेत फेकले गेले. यातून माझ्यासाठी निघालेली गोष्ट एकच आहे आणि ती भीतीची नाही, सवयीची आहे: सीटवर बसलेले असाल तोवर बेल्ट लावलेला, दिवा बंद असला तरी, झोपलेले असलात तरी, पांघरुणाच्या वरून दिसेल असा, म्हणजे क्रू तुम्हाला उठवणार नाही. जोरदार टर्ब्युलन्समध्ये प्रवाशाच्या हातात असलेली मोठी गोष्ट ही एवढीच, आणि ती एकदा केली की तुमचं काम संपलं.

हलायला लागलं की शरीराचं काय करायचं? आपण सगळे आपोआप हाताचे दांडे घट्ट धरतो, पाय जमिनीत रोवतो, पोट आवळतो. हे उलटं काम करतं, आवळलेल्या शरीराला प्रत्येक धक्का जास्त लागतो. खांदे खाली सोडा, जबडा सैल, हात मांडीवर उघडे, तळवे वर, आणि पावलं जमिनीवरून अगदी बोटभर उचला. शरीर विमानासोबत डुलू द्या. पहिल्यांदा हे करणं फार अवघड जातं, वाटतं की मी दांडा सोडला तर विमान पडेल. सोडून बघा.

अजून एक करायचं, समोरच्या ट्रेवर अर्धा ग्लास पाणी ठेवायचं आणि हलायला लागलं की त्याच्याकडे बघायचं. आपल्या पोटाला वाटत असतं की विमान शंभर शंभर फूट खालीवर होतंय, आणि पाणी ग्लासातल्या ग्लासात जरासं हिंदकळतं, बाहेरही सांडत नाही. पोट किती वाढवून सांगतंय ते डोळ्यांना दिसतं. खूपच जोरात असेल तर ग्लास ठेवू नका अर्थात.

आणि एक छोटी युक्ती, ज्या हाताने लिहीत नाही त्या हाताने स्वतःचं नाव, पत्ता, जे सुचेल ते लिहायला लागा. मेंदूला ते इतकं अवघड जातं की भीतीचं चित्र रंगवायला जागा कमी उरते.

पॅनिक अटॅक आलाच तर

हातपाय गार, बोटांना मुंग्या, छाती भरून येणं, "आता मी मरणार नाहीतर वेडी होणार" असं वाटणं. आधी घड्याळात वेळ बघा आणि लिहून ठेवा. मग श्वास: नाकाने ४ आकडे आत, तोंडाने ६ ते ८ आकडे बाहेर, बारीक, जणू स्ट्रॉमधून सोडताय. आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणं लांब पाहिजे. मोठे मोठे खोल श्वास घेऊ नका, त्या मुंग्या आणि गरगरणं जास्त श्वास घेऊनच येतं, रक्तातला कार्बन डायऑक्साईड कमी होतो म्हणून. क्रूकडून बर्फाचा खडा मागून घ्या, टिश्यूत गुंडाळून हातात धरा, त्या गारपणावर लक्ष ठेवा.

आणि हे जरा विचित्र वाटेल पण भीतीला थांब म्हणू नका, अजून ये म्हणा. "ये, बघू किती वाढतेस, अजून धडधड." व्हिक्टर फ्रँकल या मानसोपचारतज्ज्ञाने हीच पद्धत वापरली होती, ज्याची भीती वाटते तेच मुद्दाम मागायचं. भीती टिकते ती आपण तिला ढकलतो म्हणून, ढकलणं थांबलं की तिचा जोर ओसरतो. नेहमीच जमतं असं नाही, पण जमतं तेव्हा फार लवकर जमतं. छातीत दुखणं हाताकडे, जबड्याकडे जात असेल किंवा तुम्हाला आधीपासून हृदयाचा त्रास असेल तर मात्र हे सगळं बाजूला ठेवून लगेच क्रूला सांगायचं.

मधले लांब तास

सोबत एक कागद ठेवा आणि दर अर्ध्या तासाने वेळ लिहून त्यापुढे भीतीला १० पैकी मार्क द्या. टेकऑफ ९, अर्ध्या तासाने ६, जेवण आलं तेव्हा ४, मग हललं ८, पुढच्या नोंदीला ५, मग ३, ३, २. बास, एवढंच. बसलेले असताना वाटतं की मी सलग १२ तास मरणाची घाबरलेली होते, आणि कागद सांगतो की ९ अर्धा तासही टिकला नाही. मला वाटतं सगळ्या उपायांत हा एक सगळ्यात साधा आणि सगळ्यात जास्त काम करणारा उपाय आहे, कारण हा पुरावा तुमच्याच अक्षरात असतो.

पूर्ण फ्लाईटचा विचार करू नका, १२ तास कुणालाच पेलत नाहीत. पुढच्या अर्ध्या तासाचा करा. एक सिनेमा, मग चालणं, मग आधी बघितलेली एखादी हलकीफुलकी मालिका (नवीन काही ताण देणारं नको), मग डोळे मिटून ऐकायचं काहीतरी. दर तासा-दीड तासाला उठून चाला, पिंडऱ्या हलवा, ते पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणूनही लागतं. पाणी पीत राहा, केबिनची हवा फार कोरडी असते. उंची आणि वेग दाखवणारा स्क्रीन सतत उघडा ठेवू नका, दर मिनिटाला उंची तपासणं म्हणजे भीतीला दर मिनिटाला खाऊ घालणं.

झोप लागली नाही तर नाही, तिचा हट्ट धरू नका. नुसतं डोळे मिटून पडलं तरी चालतं.

गोळी घ्यावी का, दारू घ्यावी का

दारूबद्दल माझं मत स्पष्ट आहे, नको. तासभर बरं वाटतं, मग दारू उतरताना भीती दुप्पट होऊन येते आणि अजून ८ तास बाकी असतात. झोपेच्या किंवा भीतीच्या गोळीबरोबर तर अजिबात नाही, त्याने श्वास मंदावू शकतो.

गोळीचं असं आहे की ती डॉक्टरला विचारूनच, कुणाच्या ओळखीच्याने दिलेली नाही, आणि पहिल्यांदा घरी घेऊन बघितलेली. दुसऱ्या देशात जाताना प्रिस्क्रिप्शन जवळ ठेवा, काही देशांत या गोळ्यांचे नियम कडक आहेत. पण भीती कायमची कमी करायची असेल तर गोळी फारशी कामाची नाही. १९९७ मध्ये विल्हेल्म आणि रॉथ या संशोधकांनी विमानाची भीती असलेल्या बायकांवर अल्प्राझोलाम या भीती कमी करणाऱ्या गोळीचा अभ्यास केला. गोळी घेतलेल्यांना पहिल्या फ्लाईटमध्ये भीती कमी वाटली, पण आठवड्याने गोळीशिवाय बसवलं तर त्यांना नुसती साखरेसारखी खोटी गोळी मिळालेल्यांपेक्षा जास्त भीती वाटली. मेंदूने श्रेय गोळीला दिलं, स्वतःला दिलंच नाही. तातडीने जावंच लागणार असेल आणि डॉक्टर देत असतील तर घ्या, त्यात कमीपणा काही नाही, फक्त तो उपाय त्या प्रवासापुरता आहे हे माहीत असू द्या.

सोबत जाणाऱ्याला हे वाचायला द्या

"घाबरू नकोस" म्हणू नका. "बाकीचे बघ कसे शांत झोपलेत" तर बिलकुल नको. फक्त विचारा, "आता १० पैकी किती?" आणि उत्तर ९ आलं तरी चेहरा बदलू द्यायचा नाही, म्हणायचं "बरं, लिही कागदावर". हात धरायला मागितला तर धरा, पण दर धक्क्याला आपणहून धीर देत बसू नका, कारण मग त्या माणसाला तुमच्याशिवाय एकट्याने उडता येत नाही.

उतरताना आणि नंतर

उतरायला सुरुवात झाली की इंजिनं एकदम शांत होतात, पंखावरच्या पट्ट्या उभ्या राहतात तेव्हा थरथर जाणवते, मग चाकं बाहेर येतानाचा मोठा घरघराट. कधीकधी अगदी जमिनीजवळ येऊन विमान पुन्हा जोरात वर जातं, पुढचं विमान धावपट्टीवरून हललं नसेल किंवा वारा पटला नसेल तर. याला गो-अराऊंड म्हणतात, पायलट याचा सराव कायम करत असतात, आणि पायलटने घाई न करता पुन्हा फेरी मारली तर ते चांगलंच. टेकल्यावर इंजिनं गर्जतात ते ब्रेकसाठी.

हॉटेलवर किंवा घरी पोचलात की झोपायच्या आधी त्या कागदाच्या मागे दोन ओळी लिहा: काय होईल असं वाटलं होतं, आणि काय झालं. त्याच दिवशी लिहा, कारण मेंदू दोन दिवसांत फक्त तो ९ लक्षात ठेवतो आणि बाकीचे २-३ वाले तास पुसून टाकतो. परतीच्या फ्लाईटला गेटवर बसून हाच कागद वाचायचा. मधे फार मोठा खंड पडू देऊ नका, जमलं तर काही महिन्यांत परत एकदा उडा, कारण टाळण्याने ही भीती वाढत जाते.

आणि एवढं सगळं करूनही दारापर्यंत जाऊन परत येत असाल, तिकिटं फुकट जात असतील, तर एकट्याने झगडू नका. सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी मानसोपचाराची पद्धत) करणाऱ्या थेरपिस्टकडे जा, या भीतीवर ती पद्धत चांगली काम करते, हल्ली काही जण व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर लावायचा, आभासी दृश्य दाखवणारा) लावून टेकऑफचा सरावही करून घेतात. ब्रिटिश एअरवेज, लुफ्तान्सा अशा काही कंपन्या भीती वाटणाऱ्यांसाठी कोर्सही चालवतात, त्यात पायलट समोर बसून हवे ते प्रश्न विचारू देतात आणि शेवटी सगळ्यांना एकत्र एका छोट्या फ्लाईटवर नेतात.